मधली जमीन : खानदेशी स्वयंपाकघर आणि पांडेसऱ्याची खोली

सुरतेच्या दक्षिणेकडील नव्या इमारतींची माहितीपत्रके अलीकडे पांडेसऱ्यातील मराठी घरांतूनही फिरू लागली आहेत. आजोबांनी मागावर नाहीतर रंगाई-छपाईच्या गिरणीत उमेद खर्चली, वडिलांनी भाड्याची खोली सोडून स्वतःची घेतली, आणि आता नातवंडे डिंडोली, अलथाण, वेसूकडे दोन-तीन खोल्यांचे घर पाहत आहेत. या माहितीपत्रकांतील एक चित्र हमखास नजरेत भरते. ऐसपैस स्वयंपाकघर, आणि त्याच्या मधोमध, कोणत्याही भिंतीला न टेकलेला, चहूबाजूंनी फिरता येईल असा सुटा ओटा. याला 'आयलंड किचन' असे नाव आहे. प्रत्यक्षात जे घर आपल्याला परवडते त्यात हा मधला ओटा मावत नाही. मग सून खट्टू होते, मुलगा एखादी भिंत पाडता येईल काय याची चौकशी करू लागतो, आणि सासूबाई मात्र भलताच प्रश्न विचारतात : "मी भाजी निवडायला बसू कुठं?"

आमच्या मते या सगळ्या चर्चेतील खरा प्रश्न तोच आहे. मधला ओटा नसणे हे आपल्या स्वयंपाकघराचे उणेपण नव्हे. तेथे पूर्वापार दुसरे काहीतरी होते, आणि ते म्हणजे मधली मोकळी जमीन. तिचा इतिहास आपल्या मंडळींनी कधी मांडून ठेवलेला नाही, कारण रिकाम्या जागेचा इतिहास लिहावा असे सहसा कोणाला सुचत नाही. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत आहेत. तेथील जुन्या धाब्याच्या घरातले स्वयंपाकघर आठवून पाहावे. मातीच्या जाड भिंती, डोक्यावर मातीचेच धाबे, त्यात धूर जाण्यासाठी ठेवलेले धुराडे, आणि त्याच वाटेने खाली उतरणारा उन्हाचा एक कवडसा. एका भिंतीशी चूल. तिच्या अंगाला वैल, म्हणजे मुख्य जाळावरच दुसरे भांडे निवत ठेवण्याची सोय. चुलीमागे मातीचा थोडा उंच कट्टा, भानवस. उतरवलेली भांडी त्यावर. दुसऱ्या भिंतीशी पाण्याचे रांजण आणि उतरंड. तिसरीकडे भिंतीतले फडताळ, वर शिंकाळे, कोपऱ्यात घरोट. 'जाते' हा शब्द पुस्तकातला; आपल्याकडे घरोटच. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी या घरोटावर कविता केली, आणि ती महाराष्ट्रभर वाचली गेली, तेव्हा कुठे हा शब्द खानदेशाबाहेरच्यांच्या कानी पडला.

आता या खोलीत काय कोठे आहे ते पाहिले, तर सर्व वस्तू भिंतीशी आहेत आणि मध्ये काहीच नाही. हे 'काहीच नाही' शेणाने सारवलेले असते. सकाळी तेथे विळी येते, मग परात येते, दुपारी पाटा-वरवंटा भिंतीपासून पुढे ओढला जातो, जेवणाच्या वेळी पाट मांडले जातात, उन्हाळ्यात बिबड्यांचे आणि पापडांचे पीठ तेथेच मळले जाते आणि चार शेजारणी लाटायला बसतात. विळी, परात, पाटा, खलबत्ता ही सगळी साधने बसून वापरायची. ती हलतात; जमीन हलत नाही. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात मेज स्थिर असते आणि माणसे त्याच्याभोवती फिरतात. आपल्याकडे माणसे स्थिर बसतात आणि साधने त्यांच्याकडे येतात. मांडणीतला मूळ भेद आम्हाला येथे दिसतो, आणि पुढचा सगळा गोंधळही याच भेदातून उपजलेला आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या आज्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी 'मगन चूल' काढली, आणि १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील एस. पी. राजू यांनी कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघर या विषयावर पुस्तिका लिहिली, ती या डोळ्यांसाठीच. शिवाय सारवणे, वाकणे, पाण्याचे हंडे जमिनीवरून उचलणे, आणि सर्वांची पाने उठल्यावर शेवटी स्वतः जेवणे हेही त्याच मोकळ्या जमिनीवर घडत होते. कोणी त्या जमिनीवर यावे आणि कोणी उंबऱ्याबाहेर थांबावे याचे सोवळ्या-ओवळ्याचे आणि जातीचे निर्बंध होते, ते वेगळेच. जमीन मोकळी होती. तिच्यावर बसणारे सारे मोकळे होते असे नाही. तरीही चुलीपुढे बसलेल्या बाईचे तोंड एका कुशीने चुलीकडे आणि दुसऱ्या कुशीने घराकडे असे, आणि तिच्याशी बोलायला येणारा तिच्याच पातळीवर येऊन बसे, ही गोष्टही तितकीच खरी.

मग ओटा आला. या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. खानदेशात ओटा म्हणजे घरापुढची बसायची जागा. संध्याकाळी पुरुषमंडळी ओट्यावर बसतात, चिलीम ओढतात, पावसाचा अंदाज करतात. गुजरातीतही ओटलो तो हाच. विसाव्या शतकात शहरातल्या मराठी घरात हा अंगणातला ओटा आत शिरला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटला. बसण्याची जागा उभे राहण्याची झाली. पांडेसऱ्यात आजही एखादी मराठी बाई "दूध ओट्यावर ठेव" म्हणाली, तर गुजराती शेजारीण दाराबाहेर पाहते. तिच्या भाषेत आतल्या ओट्याला 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. आपण जिला मोरी म्हणतो तिला ती 'चोकडी' म्हणते, आणि आपले नवे पिढीचे लोकही तेच म्हणू लागले आहेत. असो.

उभ्याने स्वयंपाक ही कल्पना युरोप-अमेरिकेत फार जुनी असली, तरी तिचे शास्त्र झाले ते विसाव्या शतकात. क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईंनी १९१२ च्या सुमारास गिरणीतल्या कामगाराची हालचाल मोजावी तशी गृहिणीची पावले मोजायला सुरुवात केली. त्यांच्या लेखनाचा परिणाम जर्मनीपर्यंत गेला, आणि १९२६ साली फ्रांकफुर्ट शहराच्या गृहबांधणीसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी एक छोटे स्वयंपाकघर आखले. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वासहा बाय अकरा फूट. आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखाना हा त्याचा एक आदर्श होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे कामगारांच्या घरांत बसवली गेली. ती आखण्यापूर्वी आपण कधी घर चालवले नव्हते आणि स्वयंपाकही केला नव्हता, असे त्या बाईंनीच पुढे मोकळेपणी सांगून टाकले आहे. पावले वाचली हे खरे. पण त्या खोलीत एकच बाई मावत होती, आणि तिचे तोंड भिंतीकडे होते.

मधला ओटा हा या एकटेपणावरचाच उतारा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वयंपाकघर आणि बैठक यांमधली भिंत पडली, घरे मोठी झाली, आणि रांधणाऱ्या व्यक्तीला पाहुण्यांकडे तोंड करून उभे राहता यावे म्हणून खोलीच्या मध्यभागी ओटा आला. मुळात जमिनीवर बसणाऱ्या आपल्या आज्यांना जे आपसूक मिळत होते, ते त्यांनी दगड आणि लाकूड वापरून पुन्हा मिळवले. त्यात हसण्यासारखे काही नाही. मात्र त्यासाठी लागणारी जागा त्यांच्याकडे होती. चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा लहानसा सुटा ओटा ठेवून भोवती तीन-तीन फुटांची वाट सोडली, तर दहा बाय साडेआठ, म्हणजे पंच्याऐंशी चौरस फूट जागा जाते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता सुरतेकडे वळू. ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० साली पूर्ण होऊन सुरत आणि अमळनेर जोडले गेले. उधन्याहून सुटलेली गाडी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करीत खानदेशात उतरते. १९६० साली राज्ये वेगळी झाली आणि नवापूरचे स्थानक तर दोन राज्यांत विभागले गेले. पण रुळांना ते कळले नाही. १९७२ च्या दुष्काळाने गावे ओस पडली तेव्हा लोक याच गाडीने आले, आणि पुढे यंत्रमाग व प्रोसेस हाउस वाढत गेले तसे येतच राहिले. उधन्याला उतरायचे, आणि जवळच पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास खोली पाहायची. गंजामकडचे ओडिया कामगार बहुतेक एकटे आले आणि खाणावळींत राहिले. आपली माणसे बायका-मुलांसह आली. म्हणून पांडेसऱ्यातील मराठी माणसाची पहिली गरज खाट नव्हती, चूल होती.

ती खोली साधारणपणे दहा बाय बाराची. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील, १९२० च्या दशकात बांधलेली खोली एकशे साठ चौरस फुटांची होती. पांडेसऱ्यातली त्याहून लहान, एकशे वीसची. ओळीने खोल्या, वर जायला लोखंडी जिना, संडास सामाईक. दारासमोरच्या कोपऱ्यात चार बाय दोनचा कडप्प्याचा ओटा आणि त्याला लागून तीन बाय तीनची मोरी. ओटा आणि मोरी मिळून सतरा चौरस फूट. एकशे तीन उरले. आधीचा पंच्याऐंशीचा आकडा शेजारी ठेवला म्हणजे मधल्या ओट्याची गोष्ट येथेच संपते. पण त्या एकशे तीन फुटांत काय काय होत होते हे पाहिल्यावाचून तिची किंमत कळणार नाही.

रात्री तेथे पाच-सहा माणसे झोपत. पाळी रात्रीची असेल, तर दिवसा एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपलेला असे आणि उरलेल्या जागेत आवाज न करता स्वयंपाक होई. दुपारी मुले अभ्यासाला बसत. महापालिकेच्या मराठी शाळेची पुस्तके त्याच फरशीवर उघडली जात. आणि मुख्य म्हणजे घरातल्या बायका तेथे कमावत होत्या. साड्यांना टिक्या लावणे, लेस जोडणे, सुटे धागे कापणे ही नगावर मिळणारी कामे सुरतेच्या कापडधंद्याने घराघरांत पोहोचवली आहेत. साडी पसरायला लांब मोकळी जागा लागते. गठ्ठा येई तेव्हा ताटे, पाट, अंथरुणे सगळे भिंतीशी जाई आणि मधली फरशी कारखाना होई. खानदेशातली सारवलेली जमीन आणि पांडेसऱ्यातील कोट्याची फरशी यांचे नाते हे असे सरळ आहे. मध्ये काही ठेवायचे नाही, हा नियम कोणी लिहून दिला नव्हता. तो पोटाने शिकवला.

या खोल्यांमध्ये ज्या युक्त्या केल्या गेल्या, त्या एखाद्या वास्तुशिल्पीने वहीत उतरवून घ्याव्यात अशा आहेत. ओट्याखाली एका बाजूला गॅसची टाकी, दुसरीकडे धान्याची कोठी, तिच्याच झाकणावर बसून पोळ्या लाटायच्या. भिंतीवर स्टीलची मांडणी, ताटे उभी, वाट्या पालथ्या, पेले खिळ्यांना. डोक्यावर माळा, त्यावर वर्षाचे बिबडे-पापड आणि गावाकडून आलेली कळण्याची ज्वारी-उडीद. दाराच्या मागे घडीचे फळकुट, खाली पाडले की अभ्यासाचे मेज. मोरीच्या कठड्यावर फळी टाकली की ओटा दोन फुटांनी लांबला. यातले काहीही विकत आणलेले नव्हते असे म्हटले तरी चालेल.

बदल घडवला तो इंधनाने. मुंबईत १९५५ पासून बर्मा शेलचा बर्शेन गॅस मिळू लागला होता, पण कामकरी घरांत पुढची कित्येक वर्षे रॉकेलच. पंप मारायचा पितळी स्टोव्ह आणि पुढे वातीचा स्टोव्ह. स्टोव्ह आधी जमिनीवरच ठेवीत. बाई बसूनच रांधत होती. पण नायलॉनची साडी, रॉकेल आणि भडका यांनी किती घरे उद्ध्वस्त केली हे आपल्या वस्त्यांना नव्याने सांगायला नको. आग ओट्यावर चढली हे बरेच झाले. गॅस आला, नंतर कित्येक ठिकाणी नळाचा गॅस आला, कुकर आला, मिक्सर आला. पाटा-वरवंटा आधी माळ्यावर आणि मग दाराबाहेर गेला. विळी तेवढी टिकून राहिली. एका पिढीने ती ओट्यावर ठेवून उभ्याने वापरून पाहिली, ते जमले नाही, आणि सुनांनी सुरी हाती घेतली. कंबर वाकायची थांबली, धूर गेला. आणि त्याबरोबर बाईची पाठ घराकडे झाली. आमच्या पाहण्यातील कितीतरी घरांत सासू फरशीवर आणि सून ओट्यापाशी, अशा दोन उंचीवर एकच स्वयंपाक चालतो. बोलणे वर-खाली जाते, आणि पुष्कळदा वाटेतच राहते.

या मांडणीची खरी परीक्षा होते ती कानबाईला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि भाऊबंदकी एका घरी जमते. रोटांसाठी गहू, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. तीस-चाळीस माणसांचे रांधणे. मांडे करायचे तर खापर हवे. पालथे मातीचे खापर, खाली लाकडाचा जाळ, आणि पीठ दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवणारी तरबेज बाई. गॅसच्या शेगडीवर हे होत नाही, आणि तीन फूट उंचीच्या ओट्यावर तर मुळीच नाही. खापरापाशी बसावेच लागते. म्हणून त्या दिवशी पांडेसऱ्यातील गल्लीत विटा मांडल्या जातात, जाळ पेटतो, बायका गोल बसतात, आणि स्वयंपाकघर पुन्हा जमिनीवर उतरते. ज्यांनी गल्ली सोडून सातव्या मजल्यावर घर घेतले, ते त्या दिवशी जुन्या गल्लीत येतात. यात भक्ती आहेच, पण जागेची निकडही आहे.

तेव्हा नव्या घराचे स्वयंपाकघर आखताना काय करावे? आठ बाय दहाच्या खोलीत, म्हणजे ऐंशी चौरस फुटांत, मधला ओटा हिशेबानेच बाद आहे. सर्वांत उत्तम, आमच्या मते, काटकोनी ओटा. लांब बाजू खिडकीखाली, आखूड बाजू दाराच्या दिशेने, म्हणजे उभ्या बाईला मान वळवली की घर दिसते. समोरासमोर दोन ओटे केले तर मध्ये चार फूट तरी ठेवावेत. दोघी जणी पाठीला पाठ लावून उभ्या राहू शकतील, पण बसायला जागा उरणार नाही, आणि आपल्याला ती हवी आहे. काटकोनाच्या मध्ये पाच बाय सहाचा तुकडा पूर्ण मोकळा राहतो. तेवढ्यात एक परात, एक विळी आणि तीन बायका मावतात.

उंचीविषयी कारागिराचे ऐकू नये. तो सर्वांना एकच माप लावतो. उभे राहून कोपर वाकवावे, कोपरापासून तीन-चार इंच खाली ओटा यावा. पण भाकरी थापायला आणि पोळी लाटायला तेवढीही उंची जास्त होते, खांदे भरून येतात. म्हणून ओट्याचा दोन फुटांचा तुकडा आणखी चार इंच खाली घ्यावा. कळण्याची भाकरी रोज होणाऱ्या घरात हा तुकडा नसणे ही आम्ही चूकच मानतो. खिडकीच्या भिंतीशी, ओटा संपतो तेथे, फूटभर उंचीचा आणि दीड फूट रुंदीचा पक्का कट्टा बांधावा. गुडघे दुखणाऱ्या आजीला जमिनीवरून उठता येत नाही आणि ओट्यापाशी उभे राहवत नाही. तिच्यासाठी ही मधली उंची. हा कट्टा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली भानवसच आहे, फक्त आता तिच्यावर भांड्यांऐवजी माणूस बसते.

मोरी काढून टाकू नये. भिंतीतल्या उथळ सिंकमध्ये कानबाईचे पातेले धुता येत नाही. जमिनीलगत एक तोटी आणि चोकडी हवीच. ओट्याखालच्या कपाटांना स्वस्त लाकडी पत्रे लावण्याआधी आपण सुरतेत राहतो हे आठवावे. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांची लाकडी कपाटे फुगून गेली, कडप्प्याचे कप्पे धुऊन पुन्हा वापरात आले. खाड्या तुंबल्या की खालच्या मजल्यांवर अजूनही पाणी येते. जेवणाचे मेज हवेच असेल तर भिंतीला बिजागरीने जोडलेले, घडीचे. मागल्या खोलीत दाराच्या मागे जे फळकुट होते तेच, जरा बरे रंगवलेले.

राहिला खापराचा प्रश्न. नव्या इमारतींत जाळ पेटवायला परवानगी नसते, आणि ते रास्तही आहे. काही कुटुंबांनी एकत्र येऊन इमारतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीमागे, वर्षातून दोन दिवसांपुरती विटांची चूल मांडण्याची संमती मिळवली आहे. विटा बाकीचे वर्ष जिन्याखाली रचून ठेवलेल्या असतात.